हात आवरायचं शिक्षण



स्वागताध्यक्ष आत्ता म्हणाले, आपल्या हातांत जादू आहे. जादूगाराच्या हातात मी माझी मान देणार नाही. तुम्हीही देऊ नका.

1895 साली अमेरिकेतल्या डॅव्हनपोर्ट गावात डी. डी. पामर यांनी एकाचा मणका दाबला आणि त्याला ऐकू येऊ लागलं, ही कायरोप्रॅक्टिकची, म्हणजे मणके हाताने दाबून करायच्या आपल्या उपचारपद्धतीची, जन्मकथा आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. मेंदूला रक्त नेणारी धमनी मानेच्या मणक्यांमधल्या छिद्रांतून वर चढते, तिच्या अस्तराला चीर गेली तर गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो, हे मात्र तो परीक्षेपुरतं वाचतो. त्याला खरी ओढ असते ती 'कट्' या आवाजाची. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज. त्याने मणका जागेवर आल्याचं काहीच सिद्ध होत नाही. तरी आपले लोक रुग्णाच्या गळ्याशी माइक लावून त्याचे व्हिडिओ काढतात! चंपीनंतर मान मोडून देणाऱ्या सलूनवाल्याला नावं ठेवायचा आपल्याला काय अधिकार?

पक्षाघाताचं नाव काढलं की लगेच कुणीतरी कॅनडातल्या ओंटारिओचा अभ्यास पुढे करेल. 2008 साली प्रसिद्ध झालेला, नऊ वर्षांतल्या, याच धमनीशी संबंधित 818 पक्षाघातांचा. कायरोप्रॅक्टरकडे गेलेल्यांइतकाच संबंध साध्या डॉक्टरकडे गेलेल्यांतही दिसला. म्हणजे अनेकांची धमनी आधीच फाटलेली असावी आणि त्याच दुखण्यापायी ते दार ठोठावत असावेत. हा कागद तुम्ही ढाल म्हणून मिरवता. मला त्यात आपल्यावरचा आरोप दिसतो. फाटलेल्या धमनीचा माणूस मानदुखी सांगत तुमच्यासमोर बसणार असेल, तर त्याला ओळखणं हे तुमचं पहिलं काम. कधी नव्हे अशी अचानक उठलेली मानदुखी, डोकेदुखी, चक्कर, दोन-दोन दिसणं, जड झालेली जीभ, गिळताना त्रास. यातलं काही असेल तर मानेला हात न लावता थेट इस्पितळ. हे तुम्ही किती मिनिटं विचारता? आणि नाही म्हणून परत पाठवलेल्या रुग्णाची फी बुडाली म्हणून किती जण हळहळता?

ब्रिटनमध्ये 1994 पासून कायरोप्रॅक्टिकसाठी कायदा आहे, नियामक परिषद आहे. तरी 2017 साली यॉर्कमध्ये उपचाराच्या टेबलावर एका वृद्धाची कडक झालेली मान मोडली आणि तो दगावला. चौकशीनंतर कॉरोनरला, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणाचा मुद्दा काढावा लागला. प्रथमोपचाराचा! त्याआधी तिथल्या कायरोप्रॅक्टरांच्या संघटनेने टीका केली म्हणून सायमन सिंग या लेखकावर अब्रुनुकसानीचा दावा लावला होता, 2010 मध्ये तो मागे घ्यावा लागला. टीकाकाराला कोर्टात खेचून एकही रुग्ण सुरक्षित झाला नाही.

आपल्याकडे तर स्वतंत्र परिषदही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 मध्ये पूर्ण शिक्षणासाठी किमान 4200 तास सांगितले, त्यांत 1000 तास देखरेखीखालचं प्रत्यक्ष काम. इथे शनिवार-रविवारच्या कार्यशाळेत प्रमाणपत्र मिळतं, सोमवारी पाटी लागते.

ब्रिटनमध्ये नाव न सांगता चुका आणि थोडक्यात टळलेले अपघात नोंदवायची सोय आहे. आपल्याकडे उपचारानंतर रुग्णाला भोवळ आली तर "पाणी द्या, होतं असं" एवढं बोलून पुढचा नंबर पुकारतात. पाहणाऱ्या विद्यार्थ्याने "सर, थांबा" म्हटलं तर त्याचं शिकणंच अवघड होतं. जिथे सर्वांत लहान माणूस सर्वांत मोठ्याचा हात धरू शकत नाही, तिथे सुरक्षिततेची पोस्टरं कशाला लावता?

आता कामाचं. आज दुपारी या व्यासपीठावर मान मोडून दाखवायचं प्रात्यक्षिक आहे. अध्यक्ष या नात्याने मी ते रद्द करतो. त्या वेळात ज्येष्ठांनी आपापल्या हातून घडलेला किंवा थोडक्यात हुकलेला एकेक प्रसंग सांगायचा, विद्यार्थ्यांनी प्रश्न विचारायचे. मोबाइल बाहेर. जे फक्त प्रात्यक्षिक पाहायला आले होते, त्यांनी नोंदणीचे पैसे परत घ्यावेत; खजिनदारांना मी सांगून ठेवलंय.