अर्ध्या गुणाचे मोल



बुद्धिबळाचा डाव बरोबरीत सुटला असे कळले, की ऐकणाऱ्याचा चेहरा उतरतो. हार नाही, जीत नाही. मग एवढा वेळ खेळले कशाला, असे त्यास वाटते. या शंकेचे उत्तर मी एका डावाच्या आधारे देऊ इच्छितो.

नोव्हेंबर २०१८ मध्ये लंडन येथे जगज्जेतेपदाचा सामना झाला. जगज्जेता नॉर्वेचा मॅग्नस कार्लसन आणि आव्हानवीर अमेरिकेचा फाबियानो कारुआना. एकाचे मानांकन २८३५, दुसऱ्याचे २८३२. पहिले पाच डाव बरोबरीत सुटले. सहाव्यात पांढरी मोहरी कार्लसनकडे असूनही कारुआनाने हळूहळू वरचष्मा मिळविला. तेव्हा कार्लसनने एक मोहरे देऊन त्याच्या बदल्यात प्यादी घेतली आणि उरलेल्या सैन्यानिशी जणू तट उभारला. कारुआनाने तो सर्व बाजूंनी चाचपून पाहिला. पण तट ढासळला नाही. ८० व्या खेळीला बरोबरी झाली.

संगणकाने मात्र ६८ व्या खेळीला कारुआनासाठी विजयाची वाट शोधून काढली. त्या वाटेत पुढे आपलाच घोडा, जेथे तो अडकून पडेल असे दिसते, त्या कडेच्या घरात न्यावा लागत होता. पटासमोर बसलेल्या थकल्या माणसास ते सुचणे जवळजवळ अशक्यच.

सामन्याचे बाराही डाव बरोबरीत सुटले. जगज्जेतेपदाच्या इतिहासात हे प्रथमच घडले. त्यानंतर जलद डावांत कार्लसनने तीनही डाव जिंकून आपले पद राखले. सहाव्या डावातील तो अर्धा गुण निसटला असता, तर जलद डावांपर्यंत वेळ आली असती की नाही, कोणी सांगावे?

बरोबरी सारखीच असते, असेही नव्हे. याच सामन्यात बाराव्या डावात स्थिती अनुकूल असताना कार्लसनने ३१ व्या खेळीला बरोबरीचा प्रस्ताव ठेवला, आणि अनेक रसिकांना तो रुचला नाही. एक बरोबरी झुंजून मिळविलेली, दुसरी हिशेबाने स्वीकारलेली. गुणपत्रकावर दोन्हींची नोंद एकच. खेळ जाणणाऱ्याच्या लेखी मात्र त्या निराळ्या.

म्हणून आपली मुले स्पर्धेहून अर्धा गुण घेऊन घरी आली, तर "जिंकलास का?" एवढेच विचारून थांबू नये. "डाव कसा राखलास?" हेही विचारावे. सांगण्यासारखे बरेचसे तेथेच असते.