खटला, दंड की हमी?
(बडनेरा येथील भाषण)

शेतकरी वीजचोरीत सापडला, तर २००३ च्या वीज कायद्याचे कलम १५२ त्याला अश्वशक्तीमागे २,००० रुपयांच्या तडजोडीवर, एकदाच, खटल्यातून सोडवू शकते. वीज कंपनीने आयोगाचा आदेश मोडला, तर कलम १४२ अन्वये प्रत्येक उल्लंघनास कमाल एक लाख रुपये दंड. उल्लंघन चालूच राहिल्यास दररोज ६,००० पर्यंत अधिक. परंतु दंडाने बडनेऱ्याच्या शिवारातील जळालेले रोहित्र बदलत नाही. ऑस्ट्रेलियातील ऊर्जा नियामक कंपनीकडून सुधारणेची लेखी हमी स्वीकारू शकतो. ती मोडल्यास न्यायालय पाळावयास लावते. हा पर्याय येथेही स्वागतार्ह ठरेल; मात्र बंद दाराआड दिलेली हमी हा निव्वळ सौदा होय. ती जाहीर हवी, मुदतबंद हवी आणि तिच्या भंगाविरुद्ध दाद मागण्याचा हक्क अंधारात बसलेल्या ग्राहकाला हवा.