ठराव पुरे, आता वकील उभे करा



या संमेलनाच्या समारोपाच्या सत्रात मांडायच्या ठरावांचा मसुदा काल माझ्या हाती आला. त्यातला एक अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा आहे. लेखक-कलावंतांवरच्या वाढत्या दडपणाबद्दल हे संमेलन तीव्र चिंता व्यक्त करतं आणि शासनाने योग्य ती पावलं उचलावीत अशी मागणी करतं, असा त्याचा आशय. सूचक-अनुमोदकांची नावंही ठरली आहेत. टाळ्या पडतील, ठराव मंजूर होईल आणि इतिवृत्तात जाऊन बसेल. मी त्या ठरावाच्या विरोधात आहे आणि अध्यक्ष म्हणून हे जाहीरपणे सांगते आहे.

मराठीत लिहिण्या-बोलण्याची जी काही मोकळीक आज आपल्याला आहे, तिच्यातला फार मोठा भाग कोर्टात मिळालेला आहे. आणि तो मिळवणारी माणसं बहुतेक वेळा एकटी होती. साहित्य संस्था त्या वेळी कुठे होत्या, हा प्रश्न मला आज इथे विचारायचा आहे.

र. धों. कर्व्यांपासून सुरुवात करू. 'समाजस्वास्थ्य' मासिकात ते वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं देत. त्यासाठी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते आपोआप अश्लील ठरत नाही आणि वाचकाने प्रश्न विचारला तर त्याला उत्तर मिळालंच पाहिजे, असा बाबासाहेबांचा मुद्दा होता. खटला ते हरले. कर्व्यांना दंड झाला, मासिक मात्र चालूच राहिलं. आज आपण कर्व्यांवर परिसंवाद भरवतो. तेव्हा त्यांच्या पाठीशी एक बॅरिस्टर होता, आणि तोही स्वतःच्या लढाया सांभाळून आलेला. मर्ढेकरांनाही 'काही कविता'साठी आरोपी म्हणून उभं राहावं लागलं. निर्दोष सुटले, पण त्या काळात त्यांनी काय सोसलं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

आता एक खटला जरा जवळून पाहू, कारण तो आपल्या दिवाळी अंकाचा आहे. १९६२ साली 'रंभा'च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची एक कथा आली. तक्रार झाली. खालच्या कोर्टाने काकोडकरांना सोडून दिलं, पण अपिलात हायकोर्टाने दोषी धरलं. दंड किती? पंचवीस रुपये. कुणीही भरून मोकळं व्हावं इतकीच रक्कम. काकोडकरांनी ती भरून विषय मिटवला नाही, ते सुप्रीम कोर्टात गेले. १९६९ साली सुप्रीम कोर्टाने त्यांना निर्दोष ठरवलं. कादंबरीत लैंगिकतेचा नुसता उल्लेख आला म्हणून ती तरुणांच्या हाती द्यायची नाही म्हटलं, तर तरुणांना निव्वळ धार्मिक पुस्तकंच वाचत बसावं लागेल, अशा आशयाचं कोर्ट बोललं. अश्लीलतेच्या खटल्यांमध्ये वकील आजही त्या निकालाचा दाखला देतात. पंचवीस रुपयांसाठी एक मराठी कथालेखक सात वर्षं लढला आणि देशभरच्या लेखकांसाठी वाट मोकळी झाली. त्याच्या नावाने आपण काय केलं? एखादा पुरस्कार? एखादं सभागृह? निदान त्या निकालपत्राचा मराठी अनुवाद तरी?

'सखाराम बाइंडर' नाटकाची हकिगत तुम्हाला ठाऊक आहे. १९७२ मध्ये सेन्सॉरने कात्री लावली, प्रयोग थांबले, दिग्दर्शक कमलाकर सारंग हायकोर्टात गेले आणि जिंकले. नाटकाची संहिता प्रयोगाआधी सेन्सॉर मंडळाकडून तपासून घ्यायची पद्धत त्यानंतरही महाराष्ट्रात टिकून राहिली, याची लाज वाटायला हवी.

आणीबाणी म्हटलं की आपल्याला कऱ्हाड आठवतं. १९७५ च्या संमेलनात दुर्गाबाई भागवतांनी, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण व्यासपीठावर असताना, जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी सभागृहाला प्रार्थना करायला लावली. पुढे त्यांना अटक झाली. त्या धैर्यापुढे मी नतमस्तक आहे. पण त्याच काळात मुंबईत आणखी काय चाललं होतं, ते आपल्या साहित्यिक गप्पांमध्ये कधी येत नाही. वकिलांना चार भिंतींच्या आत नागरी स्वातंत्र्यावर एक सभा घ्यायची होती. पोलीस आयुक्तांनी ती नाकारली. नथवाणी आणि त्यांचे सहकारी वकील हायकोर्टात गेले आणि आणीबाणी चालू असताना ती बंदी रद्द करून आले. मिनू मसानींच्या 'फ्रीडम फर्स्ट' मासिकातला मजकूर सेन्सॉरने अडवला, तेव्हा मसानी कोर्टात गेले आणि सोली सोराबजींनी त्यांची बाजू मांडली. सरकारवरची टीका दाबणं हे सेन्सॉरचं काम नाही, असं मुंबई हायकोर्टाने १९७६ मध्ये निक्षून सांगितलं. दुर्गाबाईंचा आवाज आणि या लोकांचे अर्ज, दोन्ही लागतात. आपण फक्त आवाजाचे वारस झालो.

हे सगळं जुनं झालं असं कुणाला वाटत असेल, तर अलीकडे येते. १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या एका पत्रिकेत वसंत दत्तात्रेय गुर्जरांची 'गांधी मला भेटला' ही कविता छापून आली. कविता त्याच्या दहा वर्षं आधीची. खटला लातूरला उभा राहिला. सुप्रीम कोर्टाचा निकाल आला २०१५ मध्ये. प्रकाशकाने माफी मागितली होती म्हणून तो सुटला आणि कवीला मात्र खालच्या कोर्टात खटल्याला सामोरं जायला सांगितलं गेलं. एकवीस वर्षांनी! तुम्हाला ती कविता आवडते की नाही, हा इथे प्रश्नच नाही. एका कवितेसाठी माणसाची एकवीस वर्षं गेली आणि तरीही तिढा सुटला नाही, याबद्दल आपल्या किती संस्थांनी एक रुपया खर्च केला?

जेम्स लेनच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकाचं नाव काढलं की या सभागृहात कुजबुज होणार, हे मला माहीत आहे. त्या पुस्तकातल्या काही मजकुराचा मलाही संताप आला. पण त्यावरून जानेवारी २००४ मध्ये भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, पोथ्या-पुस्तकांची नासधूस झाली आणि त्यानंतर सरकारने पुस्तकावर बंदी घातली. त्या बंदीविरुद्ध कोर्टात कोण गेलं? संघराज रूपवते, आनंद पटवर्धन आणि कुंदा प्रमिला. पुस्तक त्यांनी लिहिलेलं नव्हतं, छापलेलं नव्हतं. नागरिक म्हणून गेले. २००७ मध्ये हायकोर्टाने बंदी रद्द केली, २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. पुस्तकाला उत्तर द्यायचं तर पुस्तकाने द्या, असं आपण भाषणांत म्हणतो. ते म्हणण्याची जागा त्या तिघांनी राखली.

इथे कायद्याचा एक बारकावा सांगते, कारण आपली बेफिकिरी त्यावरच आपटते. सरकारने एखादं पुस्तक जप्त केलं तर हितसंबंध असलेला कुणीही हायकोर्टात जाऊ शकतो आणि तीन न्यायमूर्तींच्या विशेष पीठापुढे त्याची सुनावणी होते. पण मुदत दोन महिन्यांची. दोन महिन्यांत आपल्या कार्यकारिणीची एक बैठकसुद्धा होत नाही.

आणि कोर्टात जिंकूनही संपत नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला फेसबुकवरच्या एका साध्या मजकुरासाठी एका मुलीला आणि तो आवडल्याची खूण केली म्हणून दुसरीला अटक झाली. त्यावरून श्रेया सिंघल ही कायद्याची विद्यार्थिनी सुप्रीम कोर्टात गेली आणि मार्च २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ कलम रद्द झालं. आपण आनंद साजरा केला. पोलीस ठाण्यांमध्ये मात्र त्याच मेलेल्या कलमाखाली गुन्हे नोंदवणं सुरूच राहिलं. याविरुद्ध कोर्टात गेलं कुणी? जयप्रकाशांनी १९७६ मध्ये सुरू केलेल्या पीयूसीएल या नागरी स्वातंत्र्य संघटनेने. त्यांनी कोर्टापुढे आकडे ठेवले. कलम रद्द झाल्यानंतर १,३०७ नवे गुन्हे, त्यातले ३८१ महाराष्ट्रात. इतर कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाला सगळ्या राज्यांना बजावावं लागलं की या कलमाखाली कुणावरही खटला चालवता येणार नाही. ते आकडे जमवणाऱ्यांची नावंही आपल्याला ठाऊक नाहीत. शाहू-फुले-आंबेडकरांचं नाव घेणाऱ्या राज्याच्या वाट्याला तो पहिला क्रमांक आला, आणि त्यावर एकाही संमेलनात चर्चा झाल्याचं मी ऐकलेलं नाही.

प्रत्यक्षात काय घडतं तेही ऐका. तक्रार होते ती बहुधा तुमच्या गावापासून लांबच्या ठाण्यात. कलमं जुनीच, फक्त आकडे बदललेत. समाजात तेढ पसरवण्याचं १५३अ आता न्याय संहितेत १९६ झालं, धार्मिक भावना दुखावण्याचं २९५अ आता २९९. चौकशीला बोलावणं येतं. पंचनामा करून फोन जप्त होतो आणि त्यात तुमचं निम्मं लेखन असतं. अटकपूर्व जामिनासाठी सेशन कोर्टात धावायचं. जामीनदार शोधायचा, त्याचा सातबारा नाहीतर पगारपत्रक जोडायचं. कालपर्यंत घरी येऊन कविता ऐकणारा मित्र तेव्हा म्हणतो, बायकोला विचारून सांगतो. मग दोषारोपपत्र आणि तारखा. सकाळपासून कोर्टाच्या व्हरांड्यात उभं राहायचं, पुकारा होईपर्यंत हलायचं नाही, कारण नाव पुकारलं आणि तुम्ही जागेवर नसलात तर वॉरंट निघतं. दुपारी कळतं की साहेब रजेवर आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेतला कवी असेल तर दर तारखेला एक किरकोळ रजा आणि हेडमास्तरांची नजर. निकाल लागायच्या आत शिक्षा भोगून झालेली असते. आणि १९६ किंवा २९९ लावायचं तर कोर्टाने दखल घेण्याआधी सरकारची मंजुरी लागते, हे त्या कवीला सांगायलाही शेजारी कुणी नसतं.

मार्च २०२५ मध्ये इम्रान प्रतापगढींच्या प्रकरणात न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांनी एका कवितेवरचा गुन्हा रद्द केला. कवितेचा अर्थ लावताना डळमळीत मनाच्या, जिथे तिथे धोका बघणाऱ्या माणसाची फूटपट्टी लावायची नाही, समंजस आणि खंबीर माणसाची लावायची, हे त्यांनी पुन्हा बजावलं. हा विचार मूळचा आपल्या नागपूरचा. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर तो मांडला. पण प्रतापगढी महाराष्ट्रातून निवडून गेलेले राज्यसभेचे खासदार आहेत. गुजरात हायकोर्टाने दाद दिली नाही तरी ते दिल्लीपर्यंत जाऊ शकले. गंगाखेडचा किंवा सावंतवाडीचा कवी कुठवर जाईल?

त्यात जुलै २०२५ मध्ये आपल्या विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केलं. नुसत्या बोललेल्या किंवा लिहिलेल्या शब्दानेही त्याखाली बेकायदा कृत्य घडू शकतं. साडेबारा हजारांच्या आसपास सूचना आणि हरकती गेल्या होत्या. साहित्य संस्थांच्या लेटरहेडवर त्यातल्या किती होत्या?

लेखकांच्या खटल्यांसाठी संस्थेने निधी उभा करावा असं म्हटलं की मला सांगितलं जातं, साहित्य संस्थेने राजकारणात पडू नये. २०१९ मध्ये नयनतारा सहगल यांना यवतमाळच्या संमेलनाचं निमंत्रण देऊन ते मागे घेतलं, तेव्हा आपण राजकारणापासून दूर होतो का? डिसेंबर २०२२ मध्ये अनघा लेले यांना अनुवादासाठी जाहीर झालेला शासकीय पुरस्कार रद्द झाला आणि निवड समितीही बरखास्त झाली. तेव्हा राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळातल्या काहींनी राजीनामे दिले, त्यांना माझा सलाम. संस्थांनी मात्र निवेदनं काढली आणि त्या पुढे गप्प राहिल्या. गप्प राहणं हीसुद्धा बाजू घेणंच असतं, आणि ती बाजू आपण आजवर इमानेइतबारे घेतली आहे.

दुसरा आक्षेप असा की उद्या कुणीही गलिच्छ लिहील आणि आपण त्याच्या वकिलाची फी भरायची का? हो, भरायची. कुणाला मारा, जाळा असं थेट सांगणारा मजकूर सोडून बाकी काहीही असो. लेखन आपल्या विचारांचं आहे का, चांगलं आहे का, लेखक आपल्या गटातला आहे का, हे निधीने विचारायचंच नाही. माझ्या डोळ्यांदेखत माझ्या श्रद्धांची टिंगल करणाऱ्यालाही वकील मिळाला पाहिजे, आणि त्याचे पैसे द्यायला मी तयार आहे.

अखिल भारतीय संमेलनाला शासन आता २ कोटी रुपये देतं. त्यात मंडप, ध्वनियंत्रणा, निवास, भोजन, शाली. आपलं संमेलन लहान आहे, पण शालींवरचा खर्च आपलाही काही कमी नाही. माझी मागणी साधी आहे. तो ठराव मागे घ्या आणि त्या जागी अंदाजपत्रकात कायमस्वरूपी एक बाब घाला, लेखकांच्या कायदेशीर मदतीची. त्यात सरकारी पैसा एक रुपयाही नको, कारण खटले बहुतेक वेळा सरकारच भरतं. सभासदांच्या वर्गणीतला ठरावीक हिस्सा त्यात जावा. प्रत्येक तालुक्यात एक वकील नेमलेला असावा, त्याचा फोन नंबर आपल्या प्रत्येक निमंत्रणपत्रिकेवर आणि दिवाळी अंकाच्या पहिल्या पानावर छापलेला असावा. गुन्हा दाखल झाला की चोवीस तासांत संस्थेचा माणूस ठाण्यात पोहोचावा. तारखेला व्हरांड्यात त्या लेखकाच्या शेजारी आपल्यापैकी कुणीतरी उभं असावं, आणि हा दंडक कार्यकारिणीच्या सभासदांनाही लागू असावा.

माझं मानधन मी आजच या निधीत जमा करते आहे. जिल्हा न्यायालयातल्या दोन वकिलांनी पहिल्या वर्षी विनामूल्य काम करायचं कबूल केलंय, ते आत्ता सभागृहात बसले आहेत. त्यांच्याशी बोला, आपल्या तालुक्यातून कोण पुढे येईल त्यांची नावं त्यांना द्या. पावतीपुस्तक कार्यालयाच्या टेबलावर आहे, आणि जेवणाच्या सुट्टीत मी तिथेच बसणार आहे.