बिलाचा आकडा

(वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या वर्षी आमच्या घरी एका महिन्याचे वीजबिल पंधरा हजार रुपये आले. घरात माणसे तीन, पंखे दोन! कचेरीत गेले, तर खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, "आधी भरा, मग बोला." ह्यांचे निवृत्तिवेतन अठरा हजार, औषधे आणावयाची की बिल भरावयाचे? चार हेलपाटे झाले. संध्याकाळी दिवा लावतानाही हात आखडू लागला.

अखेर सूनबाईने बिल मीटरशी ताडून पाहिले. मीटरवर ४३१२, बिलात ५३१२! मी चारदा तोंडाने भांडले, पण त्याचा कागद कोठे होता?

भगिनींनो, २००३ च्या वीज कायद्याचे ५६ वे कलम ध्यानात ठेवा. थकबाकीसाठी वीज तोडावयाची, तर पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. बिलाविषयी वाद असल्यास मागील सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम निषेध नोंदवून भरावी. मग वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. मी तसेच केले. अर्जाला मीटरचा फोटो जोडला, पोच घेतली. दोन महिन्यांनी दुरुस्त बिल आले. न येते, तर तक्रार निवारण मंच होता, त्यावर विद्युत लोकपाल होते.

ज्यांना अर्ज लिहिण्याचा संकोच वाटतो, त्यांनी बुधवारी जुनी बिले घेऊन मंडळात यावे. आपण मिळून लिहू. पोच मात्र विसरू नका!