बाळंतिणीचें दूध आणि कोलेस्टेरॉलची गोळी

नगर असो वा पुणें, बाळंतिणीची खोली म्हटली, कीं साजूक तूप, डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर हीं ओघानेंच आलीं. पण जिच्या रक्तांत कोलेस्टेरॉल वाढलें आहे, ती बाळंतीण लाडवाकडेही बिचकून पाहते आणि गोळीकडेही. गोळी घ्यावी तर बाळाच्या दुधाचें काय, आणि सोडावी तर आपल्या हृदयाचें काय?

या गोळ्यांत मुख्य वर्ग स्टॅटिनांचा. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनीं १९७३ सालीं बुरशीपासून त्यांतील पहिलें द्रव्य मिळविलें. यकृतांत कोलेस्टेरॉल तयार होण्याची क्रिया स्टॅटिन रोखतें. मोठ्या माणसास हें हितकर. परंतु तान्ह्या बाळाचा मेंदू व पेशी घडावयास तेंच कोलेस्टेरॉल लागतें, आणि आईच्या दुधांतून तें बाळाला मिळतही असतें. कांहीं स्टॅटिनें दुधांत फार थोडीं उतरतात, हें खरें. तथापि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें २०२१ सालीं गरोदरपणांतील सरसकट मनाई सैल करतांनाही, स्टॅटिन चालू असतां अंगावर पाजूं नये, हा सल्ला कायम ठेविला.

मग आईनें स्वतःचा जीव धोक्यांत घालावा कीं काय? बहुधा तशी वेळ येत नाहीं. रक्तवाहिन्यांत मेद सांचतो तो वर्षानुवर्षें. म्हणून बहुतेक स्त्रियांना पाजण्याच्या काळापुरती गोळी थांबवितां येते. शिवाय गरोदरपणीं कोलेस्टेरॉल स्वभावतःच वाढतें. तेव्हां बाळंतपणानंतर लगेच केलेल्या तपासणीचे आंकडे पाहून घाबरून जाऊं नये.

पण जिला पूर्वीं हृदयविकाराचा झटका आला आहे, किंवा जिच्या घराण्यांतच हा दोष उपजत आहे, तिची गोष्ट निराळी. तिनें आपल्या मनानें गोळी सोडूं नये. कोलेस्टिरामिनसारखीं औषधें आंतड्यांतून रक्तांत शिरत नाहींत, म्हणून दुधांतही उतरत नाहींत. मात्र अ, ड, ई व के हीं जीवनसत्त्वें आईच्या अंगीं लागण्यास तीं अडथळा करूं शकतात. स्टॅटिन अपरिहार्यच ठरलें, तर बाळाच्या डॉक्टरांना विचारून वरच्या दुधाची व्यवस्था करावी.

नगर जिल्ह्यांत, ज्याचें नांव आतां अहिल्यानगर झालें आहे, जामखेड येथें डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं १९७० सालीं ग्रामीण आरोग्याचें कार्य आरंभिलें. खेड्यांतील स्त्रियांना, त्यांत निरक्षरही आल्या, शिकवून त्यांनीं आरोग्यसेविका केलें. औषधाची गोष्ट बायकांत उघडपणें बोलली गेली, कीं निम्मी भीति सरते. शहरांतील सुशिक्षित घरानेंही हा धडा घेण्याजोगा आहे. सासूबाईंनीं लाडू वळावयास घेण्यापूर्वींच सुनेबरोबर डॉक्टरांकडे जावें आणि चालू असलेली प्रत्येक गोळी त्यांना दाखवावी. गोळी लपवून घेऊं नये, आणि भीतीपोटीं बाळाचें दूधही तोडूं नये.