सरळ रेषेने पाण्याची पारख



विहिरीचे पाणी गोड की मचूळ, हे आपली जीभ सांगते. पण त्यात क्षार किती विरघळले आहेत, हे नेमके सांगायला प्रयोगशाळा लागते. आणि धडगावकडच्या एखाद्या पाड्यावरून नमुना खाली न्यायचा, म्हणजे अख्खा दिवस मोडतो. मग काही सोपी युक्ती आहे का? आहे.

पाण्यात क्षार वाढले की त्यातून वीज अधिक सहज वाहते. ही वाहकता मोजणारे पेनाएवढे यंत्र मिळते. बुडवले की लगेच आकडा दिसतो. शिक्षक बंधुभगिनींनो, गावातल्या दहा-पंधरा विहिरींची वाहकता मुलांकडून मोजून घ्या. त्याच पाण्याचे नमुने एकदा प्रयोगशाळेत पाठवा. मग आलेखाच्या कागदावर वाहकता आडवी आणि क्षार उभे मांडा. टिंबे बहुधा एका तिरप्या रेषेभोवती पडतील. प्रत्येक टिंबाचे रेषेपासूनचे उभे अंतर घ्या. त्या अंतरांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी येईल, ती रेषा आपली. फ्रेंच गणिती लजांद्र यांनी १८०५ साली ही रीत प्रसिद्ध केली. अशा रेषेवरून अंदाज करण्याला रेषीय समाश्रयण म्हणतात.

समजा, रेषा म्हणते, वाहकतेला ०.६५ ने गुणा. नव्या विहिरीची वाहकता १००० मायक्रोसीमेन्स आली, तर लिटरमागे सुमारे ६५० मिलिग्रॅम क्षार. भारतीय मानकात इष्ट मर्यादा ५०० आहे. दुसरे पाणी नसेलच, तर २००० पर्यंत चालते.

आता सांभाळायचे ते सांगतो. शहादा-तळोद्याकडे तापीकाठची गाळाची जमीन, तर सातपुड्यात काळा पत्थर. इकडची रेषा तिकडे लावू नका. मोजलेल्या विहिरी ५०० ते १५०० वाहकतेच्या असतील, तर तीच रेषा ३००० पर्यंत ताणू नका.

त्याहून मोठी गोष्ट अशी, की ही रेषा क्षार सांगते, जंतू सांगत नाही. पावसाळ्यात विहिरीत झिरपलेली घाण वाहकतेत दिसेलच असे नाही, आणि लेकरू तर तिच्यानेच हगवणीला लागते. खतांतून उतरणारे नायट्रेटही निराळेच तपासावे लागते. त्याची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये गावोगावी पाच महिलांना पाणीतपासणी शिकवण्याची योजना आहे. आपल्या गावात त्या ताई कोण, याची चौकशी करा.

तेव्हा आधी कोणती विहीर तपासायची, हे रेषेवरून ठरवा. कोणत्या विहिरीचे पाणी प्यायचे, हे मात्र तपासणीनेच ठरवा.