पडद्याआडची दहा मिनिटे
(वार्षिक सभेतील प्रशासकांच्या भाषणावरून)



आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. हयात जमाखर्चात गेली. ताळेबंद आपल्या हाती आहेच. त्यात ज्याची नोंद होत नाही, अशा एका प्रसंगाविषयी बोलण्याची अनुमती असावी.

भिगवण परिसरातील एक सतरा वर्षांची विवाहिता पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. डॉक्टरीणबाईंच्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तिची आईच देई. मुलगी पदराचे टोक बोटाला गुंडाळीत बसे. लोहाच्या गोळ्याही आईनेच बंद केल्या होत्या. बाळ मोठे होऊन अडेल, ही त्यांची धास्ती.

अखेर केसपेपरच्या निमित्ताने परिचारिकेने आईंना बाहेर नेले. मुलगी पडद्याआड हलकेच म्हणाली, "चार दिवस डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढं अंधारी येते. आईला सांगू नका. ती रडत बसते, मग मला उंबऱ्याबाहेर सोडत नाही." रक्तदाब वाढलेला होता. गरोदरपणी अशा लक्षणांनंतर झटके येऊन माता व बाळ दोघेही दगावू शकतात. तिला तत्काळ दाखल केले. दोघेही सुखरूप आहेत.

त्या माउलीस दोष देणे सोपे आहे. त्यांचा स्वतःचा विवाह पंधराव्या वर्षी झाला व पहिले मूल गेले. ऊसतोडीला जाताना वयात आलेली मुलगी कोणाच्या भरवशावर ठेवावी, या घोरानेच त्यांनी तिचे लग्न लावले. काळजीपोटीच मुलगी धोक्यात गेली आणि काळजीपोटीच तिचे तोंड बंद झाले. हे एकाच घरचे नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे विवाह अठराव्या वर्षापूर्वी झाले होते.

पत्नी अठरा वर्षांखालील असल्यास विवाहाची सबब चालत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निर्णय आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यान्वये पोलिसांस कळविणे आम्हांस बंधनकारक होते. "दवाखान्यात आलो की ठाण्यात?" असे आई संतापाने म्हणाल्या. त्या रात्री आम्हांसही झोप लागली नाही. परंतु या भयाने कोणी लेकीस घरीच ठेवू नये, ही आप्तेष्टांस कळकळीची विनंती. उपचार कोणासाठी थांबत नाहीत.

आता प्रत्येक गर्भवतीशी परिचारिका दहा मिनिटे एकांतात बोलते. मात्र पडद्यातून शब्द बाहेर ऐकू जातात. औषधकोठीशेजारची खोली रिकामी आहे. तिला दार व दोन खुर्च्या हव्यात.

बाळाच्या लसीकरणास मायलेकी आल्या, तेव्हाही उत्तरे आईच देत होत्या. "आई, थांब, मी सांगते," असे मुलगी एकदा म्हणाली खरी.